व्याख्यानाला जाण्यापूर्वी: श्रोत्यांचे नेहमीचे प्रश्न

व्याख्यानांच्या आयोजनात पडले की दोन गोष्टी हमखास वाट्याला येतात: ऐन वेळी बंद पडणारा माइक आणि तेच ते प्रश्न विचारणारे फोन. माइकपुढे कुणाचेच काही चालत नाही. प्रश्नांची उत्तरे मात्र एकदा नीट लिहून ठेवता येतात, म्हणून हा खटाटोप. ही कुठल्या एका संस्थेची नियमावली नाही. विषय खगोलशास्त्र असो की व्याकरण, श्रोता म्हणून जाताना उपयोगी पडावे एवढाच हेतू आहे. मध्ये मध्ये माझी मतेही घुसली आहेत. ती तुम्ही ओळखालच.

मी त्या विषयातला नाही. मला काही कळेल का?

सगळे कळणार नाही. पण शेजारी बसलेल्या प्राध्यापकांनाही सगळे कळत नसते, फक्त त्यांना न कळता मान डोलावण्याचा सराव असतो. आपला विभाग सोडून दुसऱ्या विभागात गेलेला तज्ज्ञही सुरुवातीची पंधरा मिनिटे नीट समजतो, मधला भाग अंदाजाने काढतो आणि निष्कर्षाला पुन्हा सरसावून बसतो.

१९४३च्या फेब्रुवारीत एर्विन श्रोडिंगर यांनी डब्लिनमध्ये सजीव म्हणजे काय या प्रश्नावर सार्वजनिक व्याख्याने दिली. भौतिकशास्त्रातले नोबेल मिळवलेला माणूस जीवशास्त्रावर बोलणार, आणि तेही सर्वसामान्य लोकांपुढे. गणित फारसे वापरणार नाही, पण विषय अवघड आहे, याला सुबोध व्याख्यान म्हणता येणार नाही, असे त्यांनी आधीच बजावून ठेवले होते. श्रोते चारशेच्या आसपास होते आणि शेवटपर्यंत ते फारसे घटले नाहीत. पुढच्या वर्षी या व्याख्यानांचे पुस्तक निघाले. डीएनएची रचना उलगडणाऱ्या वॉटसन आणि क्रिक या दोघांनीही पुढे त्या पुस्तकाचे ऋण मान्य केले. त्या चारशे जणांपैकी किती जणांना सगळे समजले असेल? फार थोड्यांना. तरी ते पुन्हा पुन्हा आले, कारण वक्ता कशाच्या मागे लागला आहे हे त्यांना दिसत होते.

अनोळखी विषयाच्या व्याख्यानात तेवढेच शोधावे. या माणसाला नेमके काय खुपते आहे? काय जुळत नाही म्हणून तो वर्षानुवर्षे त्यात डोके घालून बसला आहे? हे एकदा हाती लागले की मधली दहा-बारा पारिभाषिक नावे डोक्यावरून गेली तरी चालतात.

एक व्यावहारिक खूण सांगतो. निवेदनासोबत दिलेला सारांश वाचा. त्यात पहिल्याच वाक्यात तीन अनोळखी संज्ञा असतील, तर तो कार्यक्रम त्या विषयातल्या संशोधकांसाठी आहे असे समजा. तिथेही जायला हरकत नसते, पण पहिलेच पाऊल तिथे नको.

व्याख्यान, चर्चासत्र, परिसंवाद, कार्यशाळा यांत फरक काय?

कागदावर फरक स्पष्ट आहे. व्याख्यानात एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात, शेवटी प्रश्न. परिसंवादात एकाच विषयावर तीन-चार जण आपापली बाजू मांडतात. कार्यशाळेत हात चालवावे लागतात. चर्चासत्रात अर्धवट, अजून शिजत असलेले काम मांडायचे आणि ऐकणाऱ्यांनी त्यातली छिद्रे शोधायची. प्रत्यक्षात ही नावे सर्रास अदलाबदल करून वापरली जातात. चर्चा नसलेली चर्चासत्रे मी किती पाहिली त्याची गणतीच नाही.

चर्चासत्राला इंग्रजीत सेमिनार म्हणतात. तो शब्द रोपवाटिकेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आला, आणि खऱ्या चर्चासत्राचे वर्णन त्यात चपखल बसते. मॉस्कोमध्ये इझ्राइल गेलफांड यांचे गणिताचे चर्चासत्र १९४३ मध्ये सुरू झाले आणि सोमवारच्या संध्याकाळी कित्येक दशके चालले. गेलफांड वक्त्याला पाच मिनिटेही सलग बोलू देतील याची खात्री नसे. मध्येच थांबवून ते श्रोत्यांतल्या एखाद्याला उभे करत आणि आत्ता काय सांगितले ते तुझ्या शब्दांत सांग, असे फर्मावत. त्याला सांगता आले नाही तर वक्त्याने पुन्हा समजवायचे. ज्याच्यावर ही पाळी येई त्याला घाम फुटत असणार, पण मागच्या रांगेतल्या बुजऱ्या विद्यार्थ्याची मोठी सोय होत असे: त्याच्या मनातला प्रश्न दुसऱ्याच्या फजितीतून सुटे. इतका उद्धटपणा प्रत्येक ठिकाणी चालणार नाही, आणि चालूही नये. तरी 'मघाचे जरा पुन्हा सांगाल का' म्हणण्याची मुभा जिथे नाही, त्याला चर्चासत्र म्हणू नये असे माझे मत आहे.

पैसे भरावे लागतात का? नाव नोंदवावे लागते का?

सार्वजनिक व्याख्याने बहुतेक ठिकाणी विनामूल्य असतात. नोंदणी मागितली असेल तर ती खुर्च्या मोजण्यासाठी असते, तुमची पात्रता तपासण्यासाठी नव्हे. ही प्रथा जुनी आहे. लंडनचे ग्रेशॅम कॉलेज १५९७ पासून लोकांसाठी मोफत व्याख्याने देते आहे. पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्सची स्थापना १५३० ची. तिथे कुणीही यावे, बसावे, ऐकावे. पदवी मिळत नाही, त्यामुळे परीक्षाही नाही.

नोंदणी करून जमत नसेल तर रद्द तेवढी करा. फुकटच्या कार्यक्रमात नोंदणी करणारे आणि येणारे यांचे आकडे कधीच जुळत नाहीत, आणि दाराबाहेर कुणीतरी परत पाठवलेला असतो.

साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञानाचे वक्ते कागद पाहून वाचतात. ते तयारी करत नाहीत का?

हा प्रश्न विज्ञान शाखेतून आलेले श्रोते विचारतात, आणि जरा नाक मुरडूनच विचारतात. खरे तर उलट आहे. वाचणाऱ्याने आधी प्रत्येक वाक्य घडवलेले असते.

प्रत्येक विद्याशाखेची बोलण्याची रीत तिच्या पुराव्यातून येते. जीवशास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेले दाखवायचे असते, म्हणून पडदा आणि चित्रे हवीत. गणितज्ञाला सिद्धतेची एक पायरी दुसरीवर कशी उभी राहते ते दाखवायचे असते, म्हणून तो अजूनही फळा आणि खडू सोडत नाही: हाताने लिहिण्याचा वेग हाच श्रोत्याच्या समजण्याचा वेग असतो, आणि मागची पायरी फळ्यावर डोळ्यांसमोर राहते. साहित्याच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाचा पुरावा शब्दांतच असतो. 'संशय' आणि 'शंका' यांतला फरक हाच ज्याचा मुद्दा आहे, त्याने ऐन वेळी सुचेल तो शब्द वापरून कसे चालेल? म्हणून तो लिहून आणतो.

अडचण वेगळीच आहे. डोळ्यांनी वाचण्यासाठी लिहिलेले वाक्य कानांना पेलत नाही. कागदावर पाच ओळींचे वाक्य मागे जाऊन पुन्हा वाचता येते. सभागृहात ते निसटले की निसटले. चांगले वक्ते कानासाठी वेगळे लिहितात: वाक्ये आखूड, महत्त्वाचा शब्द दोनदा, उतारा वाचण्यापूर्वी त्यात काय ऐकायचे त्याची सूचना. वाईट वक्ते प्रकाशनाला पाठवलेला शोधनिबंधच सोबत आणतात, वेळ संपत आली की पाने उलटत 'हा भाग गाळतो' म्हणतात, आणि गाळतात तो नेमका रंगतदार भाग असतो. तुमची तक्रार अशा वक्त्यांबद्दल असेल तर मी तुमच्याच बाजूला आहे.

अवघड विषय आपल्या भाषेत सांगता येतो का? संज्ञा तर सगळ्या परक्या असतात.

हा वाद नवा नाही. १६८७ मध्ये क्रिस्टियान थोमासियस यांनी लाइपझिग विद्यापीठात जर्मन भाषेतून व्याख्यान जाहीर केले, तेव्हा गहजब झाला. विद्या लॅटिनमध्येच द्यायची असा दंडक होता. पुढे त्याच जर्मनमधून रसायन, भाषाशास्त्र आणि भौतिकशास्त्र जगाने शिकले. म्हणजे भाषा आधी सज्ज होते आणि मग तिच्यात व्याख्याने होतात असे नसते. व्याख्याने देऊन देऊनच ती सज्ज होते.

संज्ञांचे म्हणाल तर तडजोड करावी. रूढ झालेली परकी संज्ञा तशीच ठेवावी आणि वाक्य आपले असावे. घासून गुळगुळीत झालेल्या 'इलेक्ट्रॉन'ला नवे नाव शोधण्यात वेळ घालवणारा वक्ता आणि क्रियापदेसुद्धा परक्या भाषेतून उचलणारा वक्ता, दोघेही श्रोत्याला सारखेच दमवतात.

टिपणे काढावीत का?

काढावीत, पण वक्त्याचे सगळे बोलणे उतरवून घेऊ नये. दोन-तीन ओळी, एखादी आकृती, एखादे नाव, आणि समासात स्वतःला पडलेली शंका.

टिपणांवर आयुष्य पालटलेल्या माणसाची गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मायकल फॅरडे हा पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला १८१२ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेतल्या रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. चार व्याख्याने त्याने ऐकली, घरी येऊन टिपणे विस्ताराने लिहून काढली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हातांनी बांधणी केली आणि ते बाड डेव्हींना पाठवून दिले. १८१३ मध्ये तो त्याच संस्थेत प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणून लागला. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध त्यानंतर १८ वर्षांनी.

या गोष्टीतली बारीक बाब अशी की लेखनाचे खरे काम घरी झाले. सभागृहात खाली मान घालून लिहिणाऱ्याचे प्रयोगाकडे लक्ष नसते. त्याच संध्याकाळी, आठवते आहे तोवर, दहा मिनिटे बसून जोडावे. दुसऱ्या दिवशी स्वतःचेच अक्षर लागत नाही.

प्रश्न विचारायची भीती वाटते. कसा विचारावा?

भीती वाटते ती बहुधा 'माझा प्रश्न बाळबोध ठरेल' याची. इतक्या वर्षांत मी बाळबोध प्रश्नाने वक्ता वैतागलेला पाहिला नाही. वैतागलेला पाहिला तो भाषणाने. हात वर होतो, माइक हाती येतो, 'मला प्रश्न नाही, एक विचार मांडायचा आहे' असे म्हटले जाते आणि पुढची सात मिनिटे सभागृहाच्या हातून जातात. एका कार्यक्रमात असे एक गृहस्थ इतके बोलले की शेवटी वक्त्यांनीच टाळ्या वाजवल्या आणि लोकांनी साथ दिली. गृहस्थ खूश होऊन बसले. सगळ्यांचे भागले.

प्रश्न एकच असावा आणि एका श्वासात विचारता यावा. 'तुम्ही अमुक म्हणालात, ते तमुक परिस्थितीतही लागू पडते का?' हा साचा कुठल्याही विषयात चालतो. 'तुम्हाला हे कशावरून कळले?' हा त्याहून चांगला, आणि विज्ञान व इतिहास या दोन्ही ठिकाणी सारखाच धारदार. 'तुमचे चुकले आहे हे कशाने सिद्ध होईल?' हा सगळ्यांत चांगला, पण तो हसतमुखाने विचारावा. आठवणीची भीती असेल तर लिहून वाचा. त्यात कमीपणा काही नाही.

हात वर कुणाचे होतात हेही पाहण्यासारखे असते. १० देशांतल्या ३५ संस्थांमधली सुमारे अडीचशे चर्चासत्रे पाहून केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. श्रोत्यांत स्त्री-पुरुषांचे प्रमाण काहीही असो, एखाद्या स्त्रीने प्रश्न विचारण्याची शक्यता पुरुषाच्या तुलनेत अडीच पटींनी कमी आढळली. पहिला प्रश्न पुरुषाने विचारला असेल तर स्त्रियांचे प्रश्न आणखी घटत. सूत्रसंचालकांनी यावरून घेण्यासारखी गोष्ट सोपी आहे: सर्वांत आधी वर झालेल्या हाताला माइक देण्याची घाई करू नये. दहा सेकंद थांबावे, मागच्या रांगांकडे पाहावे. दहा सेकंदांची शांतता सूत्रसंचालकाला फार लांब वाटते, पण तेवढ्यात दोन-तीन नवे हात वर येतात.

आणि चर्चा कधी कधी व्याख्यानापेक्षा जास्त जगते. ३० जून १८६० रोजी ऑक्सफर्डमध्ये डार्विनची बाजू घेणारे जीवशास्त्रज्ञ हक्सली आणि विरोधातले बिशप विल्बरफोर्स यांची डार्विनच्या सिद्धान्तावरून झालेली खडाजंगी अजून सांगितली जाते. त्या दिवशीचे मूळ व्याख्यान जॉन विल्यम ड्रेपर यांचे होते. ते कुणाला आठवते?

व्याख्यानात झोप आली तर?

येते. पुढच्या रांगेत बसू नका म्हणजे झाले.

मध्येच उठून जाणे असभ्य दिसते का?

आधीच माहीत असेल तर कडेची खुर्ची पकडा आणि प्रश्नोत्तरे सुरू होण्याच्या क्षणी निघा. वक्ता वाक्याच्या मध्यात असताना पूर्ण रांग उठवणे मात्र टाळा.

रेकॉर्डिंग मिळते, मग प्रत्यक्ष यायचे कशाला?

रेकॉर्डिंगच्या विरोधात मी नाही. रिचर्ड फाइनमन यांनी १९६४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात दिलेली व्याख्याने बीबीसीने चित्रित केली होती म्हणून आज आपण ती पाहू शकतो. फ्रेंच तत्त्वज्ञ मिशेल फुको यांची कॉलेज द फ्रान्समधली व्याख्याने पुस्तकरूपात आली ती श्रोत्यांनी टेबलावर ठेवलेल्या कॅसेट रेकॉर्डरांच्या आधारे. ऐकू कमी येणाऱ्यांना, लांब राहणाऱ्यांना, घर सोडून निघणे शक्य नसलेल्यांना उपशीर्षकांसह रेकॉर्डिंग हाच खरा प्रवेश असतो.

पण फुको यांची तक्रारही ऐका. गर्दी इतकी होई की शेजारच्या दालनात लोक ध्वनिक्षेपकावर ऐकत, आणि चर्चा करणे अशक्य होई. १९७६ मध्ये त्यांनी व्याख्यानाची वेळ सकाळी साडेनऊ केली, एवढ्या लवकर उठणारे विद्यार्थी कमी असतील या आशेने! संशोधन चालू असताना ते लोकांपुढे ठेवायचे आणि लोकांचे ऐकायचे, हा मूळ उद्देश एकतर्फी ऐकण्यात हरवतो हे त्यांना सलत होते. पडद्यासमोर बसलेल्यांची गर्दी त्याहून मोठी, आणि तिला हात वर करता येत नाही. घरी बसून ऐकणार असाल तर वेग वाढवू नका आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, एवढाच सल्ला.

मुलांना आणावे का?

प्रयोग दाखवणार असतील तर नक्की. रॉयल इन्स्टिट्यूशनची नाताळातली व्याख्याने १८२५ मध्ये तरुण श्रोत्यांसाठीच सुरू झाली आणि १९३९ ते १९४२ ही युद्धाची वर्षे सोडली तर आजवर चालू आहेत. फॅरडे यांनी तिथे १९ वर्षे ही मालिका गुंफली. मेणबत्ती का जळते एवढ्या एका प्रश्नावर त्यांनी सहा व्याख्याने दिली: ज्योत, हवा, पाणी, कोळसा, श्वास, सगळे त्या एका मेणबत्तीतून निघाले. कंटाळलेल्या मुलाला मात्र सक्तीने बसवू नका. ते शिक्षा म्हणून लक्षात राहते.

मलाच व्याख्यान द्यायला बोलावले आहे. काय सांभाळू?

वेळ. बाकी सगळे नंतर. कुणालाही एक तास पुरे, असे फॅरडे यांनी १८१३ मध्येच मित्राला लिहिलेल्या पत्रात म्हटले होते, आणि तेव्हा ते स्वतः वक्ते झालेलेही नव्हते. त्यांच्या संस्थेतली शुक्रवार संध्याकाळची व्याख्याने बरोबर तासाच्या ठोक्याला, प्रास्ताविकाशिवाय सुरू होतात. जगदीशचंद्र बसू १८९७च्या जानेवारीत तिथेच विद्युतलहरींवर बोलले. आपल्याकडची पाहुण्यांची ओळख, ओळख करून देणाऱ्यांची ओळख आणि मग दीपप्रज्वलन हा क्रम आठवला की मला त्या ठोक्याचा हेवा वाटतो.

किती मुद्दे घ्यावेत, तर जमतील त्याहून कमी. १९०० मध्ये पॅरिसच्या गणित परिषदेत डाव्हिड हिल्बर्ट यांच्याजवळ न सुटलेले २३ प्रश्न तयार होते. भाषणात त्यांनी १० सांगितले. उरलेले छापील आवृत्तीत दिले, आणि पुढे शतकभर गणितज्ञ सगळ्या २३ प्रश्नांशी झुंजत राहिले. म्हणजे न बोललेले वाया गेले नाही.

पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवू नका. शेवटच्या रांगेतून अक्षरे दिसतात का ते लोक येण्यापूर्वी स्वतः तिथे बसून पाहा. घड्याळ लावून एकदा तरी मोठ्याने म्हणून बघा. मनातल्या मनात प्रत्येक व्याख्यान चाळीस मिनिटांचेच असते.

संपल्यावर लगेच निघावे की थांबावे?

थांबा. २८ नोव्हेंबर १६६० रोजी ग्रेशॅम कॉलेजमध्ये खगोलशास्त्राचे प्राध्यापक क्रिस्टोफर रेन यांचे व्याख्यान झाले. ते संपल्यावर ऐकायला आलेल्यांपैकी काही जण मागे रेंगाळले. वक्त्यासह बारा जण होते. प्रयोगांतून ज्ञान मिळवण्यासाठी दर आठवड्याला भेटायचे असे त्यांनी ठरवले, आणि त्यातून रॉयल सोसायटी ही शास्त्रज्ञांची संस्था उभी राहिली. त्या दिवशीच्या व्याख्यानाबद्दल फारसे कुणी बोलत नाही.

वक्त्याभोवती कोंडाळे असेल तर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी बोला. 'तो मधला मुद्दा तुम्हाला पटला का' एवढ्यावर गप्पा सुरू होतात. सभागृहाचे शिपाई किल्ल्यांचा जुडगा वाजवू लागले की मात्र बाहेर पायऱ्यांवर या. त्यांना सगळ्या खुर्च्या नीट लावून दिवे बंद करून घरी जायचे असते.